नऊ स्टोनची माणसं

बॉक्सिंग म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो महंमद अली. त्यानंतरच्या पिढीच्या डोळ्यांपुढे माईक टायसन. दोघेही हेवीवेट, म्हणजे ज्या गटात वजनाला वरची मर्यादाच नाही त्या गटातले. आपल्या घरांत हा खेळ तसा परकाच. क्रिकेट आहे, बॅडमिंटन आहे, विम्बल्डनच्या दिवसांत टेनिस आहे. पण एकाने दुसऱ्याच्या नाकावर ठोसा मारायचा आणि लोकांनी तिकीट काढून ते बघायचं, हे काही आपल्या पचनी पडत नाही. भारतातून आलेल्या एखाद्या आजीने टीव्हीवर दोन मिनिटं पाहिलं तर ती पदर तोंडाला लावून आत निघून जाते.

तरीही आज थोडं धाडस करून याच खेळाबद्दल लिहितो आहे. मात्र धिप्पाड हेवीवेटबद्दल नाही, तर नऊ स्टोनच्या माणसांबद्दल. नऊ स्टोन म्हणजे १२६ पौंड, म्हणजे ५७ किलो आणि वर दीडशे ग्रॅम. आता हा आकडा जरा मनात घोळवून बघा. कॉलेजात असताना आपल्यातल्या निम्म्या मंडळींचं वजन याच्याच आसपास होतं. "हाडं मोजून घ्यावीत," असं आई म्हणायची ते हेच वजन! या वजनाच्या माणसाला इंग्रजीत नाव आहे फेदरवेट, पिसाच्या वजनाचा. आणि या पिसाच्या वजनाच्या माणसांनी ज्या गोष्टी मागे ठेवल्या आहेत, त्या परमुलखात पोरंबाळं वाढवणाऱ्या आपल्यासारख्यांनी एकदा ऐकाव्यात अशा आहेत.

पिसाचं वजन आलं कुठून?

जुन्या काळी इंग्लंडात मुठी आवळून ज्या झुंजी व्हायच्या, त्यात वजनाची फारशी भानगड नव्हती. हातमोजे नाहीत, ठरावीक फेऱ्या नाहीत. एकजण पडून परत उठेनासा झाला की झुंज संपली. अशा झुंजीत चणीने लहान असलेला माणूस कितीही चपळ आणि हुशार असला तरी शेवटी अंगापिंडाने मोठा असलेलाच जिंकायचा.

१८६७ मध्ये मार्क्विस ऑफ क्वीन्सबरी यांच्या नावाने नवे नियम आले. हातमोजे आले, तीन मिनिटांची फेरी आली, फेऱ्यांच्या मध्ये एक मिनिट विश्रांती आली. फेदरवेट, लाइटवेट असे शब्द तेव्हाही वापरात होते, पण कोणाचा फेदरवेट किती पौंडांचा याचा मेळ नव्हता. जो विजेता असेल तो आपल्या सोयीने आकडा सांगायचा. हा घोळ निस्तरला लंडनमधल्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबने. १९०९ मध्ये या क्लबने आठ वजनगट ठरवून दिले: फ्लाय, बँटम, फेदर, लाइट, वेल्टर, मिडल, लाइट-हेवी आणि हेवी. माशीपासून सुरुवात, मग कोंबडा, मग पीस! त्यात फेदरवेटसाठी नऊ स्टोनची मर्यादा ठरली, आणि शंभराहून जास्त वर्षं होऊन गेली तरी व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये ती तशीच आहे. पुढे मधे-मधे 'सुपर', 'ज्युनिअर' असे आणखी गट घुसडले गेले, पण १२६ पौंडाची रेघ हलली नाही.

दुसऱ्या खेळांत मात्र हाच शब्द वेगळ्या वजनाला वापरतात. पिंजऱ्यात होणाऱ्या मिक्स्ड मार्शल आर्ट्समध्ये फेदरवेट म्हणजे १४५ पौंड, जवळजवळ ६६ किलो. ऑलिम्पिक कुस्तीत १९५० च्या दशकात फेदरवेट म्हणजे ६२ किलो आणि त्याखालचा बँटमवेट म्हणजे ५७ किलो. हे दोन आकडे जरा लक्षात ठेवा. पुढे त्यांच्यापाशी परत यायचं आहे.

वजनगट ही वरवर पाहता किती साधी गोष्ट! पण त्यामागे न्यायाची कल्पना आहे. तू लहान आहेस तर तुझी गाठ तुझ्याएवढ्याशीच पडेल, मग बघू कोण चांगला. गंमत अशी की एकदा ताकद सारखी झाली की मग दिसायला लागतं ते कसब. हेवीवेटचा एक ठोसा बसला की काम तमाम. फेदरवेटला पाय चालवावे लागतात, डोकं चालवावं लागतं, आणि दम टिकवावा लागतो.

याचं सगळ्यात मोठं नाव म्हणजे अमेरिकेतला विली पेप. त्याचं जन्मनाव गुग्लिएल्मो पापालिओ. आईवडील सिसिलीहून कनेटिकटला आलेले. १९४२ मध्ये विसाव्या वर्षी तो जगज्जेता झाला, आणि पहिली हार पत्करण्याआधी त्याने ओळीने ६२ लढती जिंकल्या. १९४७ च्या जानेवारीत त्याचं विमान कोसळलं, तो जबर जखमी झाला, पण जूनमध्ये पुन्हा रिंगमध्ये उभा होता. सगळ्या कारकिर्दीत त्याने २२९ लढती जिंकल्या. समोरच्याला मारण्यापेक्षा समोरच्याचा ठोसा हुकवण्यात त्याची ख्याती होती. एका स्थलांतरित कुटुंबातल्या किरकोळ अंगकाठीच्या मुलाने हे करून दाखवलं.

"मारामारी मॅग्विगनवर सोपवा"

आता आपल्या इकडच्या बेटांकडे येऊ. ज्यांनी १९८० च्या दशकात इथे संसार थाटला त्यांना बॅरी मॅग्विगन हे नाव आठवत असेल. आयर्लंडच्या सरहद्दीला लागून असलेल्या क्लोन्स या छोट्या गावातला हा मुलगा. त्या वेळी उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यात रक्तपात चालू होता. बॅरी स्वतः कॅथलिक, त्याची बायको प्रॉटेस्टंट. रिंगमध्ये उतरताना तो कुठल्याच बाजूचा झेंडा घेत नसे. त्याच्या चड्डीवर शांततेचं कबुतर असायचं. राष्ट्रगीत कोणाचं वाजवायचं हा प्रश्न आला की त्याचे वडील पॅट रिंगमध्ये उभं राहून 'डॅनी बॉय' गायचे. पॅट हे नावाजलेले गायक होते. १९६८ च्या युरोव्हिजनमध्ये ते आयर्लंडतर्फे गायले होते. बेलफास्टच्या सभागृहात दोन्ही पंथांचे लोक शेजारी-शेजारी बसून बॅरीची लढत पाहायचे. मारामारी मॅग्विगनवर सोपवा, असं लोकच म्हणू लागले होते.

८ जून १९८५ रोजी लंडनच्या लॉफ्टस रोड या फुटबॉलच्या मैदानावर पंचवीस हजारांहून जास्त लोकांसमोर त्याने पनामाच्या युसेबिओ पेद्रोसाला हरवलं. पेद्रोसा १९७८ पासून जगज्जेता होता आणि त्याने १९ वेळा आपलं पद राखलं होतं. विजयानंतर बॅरीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याने तो विजय 'यंग अली' नावाच्या एका नायजेरियन बॉक्सरला अर्पण केला.

हा यंग अली कोण? १९८२ मध्ये लंडनमध्ये मॅग्विगनशी झालेल्या लढतीत तो कोसळला तो शुद्धीवर आलाच नाही. काही महिन्यांनी तो गेला. त्या धक्क्याने हा खेळच सोडून द्यावा असं मॅग्विगनच्या मनाने घेतलं होतं. तेव्हा वजन पिसाचं म्हणून मार पिसासारखा असतो, असं कोणी समजू नये. १९६३ मध्ये लॉस एंजेलिसला डेव्ही मूर हा फेदरवेट जगज्जेता शुगर रामोसकडून हरला. पडताना त्याची मान खालच्या दोरावर आपटली आणि चार दिवसांनी तो मरण पावला. बॉब डिलनने त्याच्यावर गाणं लिहिलं. आपल्या आजी आत निघून जातात, त्यात काही चुकीचं नाही.

मॅग्विगनचं राज्य फार टिकलं नाही. १९८६ च्या जूनमध्ये लास वेगासला भर उन्हात, ४० अंशांच्या वर पारा असताना, पंधरा फेऱ्यांची लढत झाली. समोर आयत्या वेळी उभा केलेला टेक्सासचा स्टीव्ह क्रूझ होता, प्लंबरच्या हाताखाली काम करणारा तरुण. मॅग्विगन हरला आणि अंगातलं पाणी संपल्याने त्याला इस्पितळात न्यावं लागलं. पण बेलफास्टमधल्या कुठल्याही वयस्कर माणसाला विचारा, तो हरलेली लढत सांगणार नाही. दोन्ही बाजूंचे लोक एका छपराखाली बसले होते, ते सांगेल.

दुकानदाराचा मुलगा

१९९३ मध्ये कार्डिफच्या स्टीव्ह रॉबिन्सन या तरुणाला एक फोन आला. जागतिक विजेतेपदाची लढत आहे, प्रतिस्पर्धी हवाय, तयारीला दोन दिवस आहेत, येतोस का? विजेत्या रुबेन पालासिओसची वैद्यकीय तपासणीत एचआयव्हीची चाचणी पॉझिटिव्ह आल्याने त्याचं पद काढून घेतलं गेलं होतं. रॉबिन्सन वखारीत सामान लावण्याचं काम करून दिवस काढलेला, खात्यावर बऱ्याच हारी असलेला बॉक्सर. त्याने हो म्हटलं, उत्तर इंग्लंडला गेला आणि जिंकून आला! नंतर सात वेळा त्याने ते पद राखलं. संधी आली तेव्हा वजन काट्यावर बरोबर होतं, एवढीच त्याची तयारी. पण ती होती.

रॉबिन्सनला हरवलं कोणी? ३० सप्टेंबर १९९५ च्या रात्री कार्डिफच्या मैदानात पाऊस पडत होता. आठव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली आणि २१ वर्षांचा नसीम हमीद जगज्जेता झाला. 'प्रिन्स' नसीम! चित्त्याच्या ठिपक्यांची चड्डी, दोरावरून कोलांटी मारून रिंगमध्ये उडी, समोरच्याला वाकुल्या दाखवत हात खाली सोडून उभं राहायचं आणि कुठून तरी अचानक डावा ठोसा. उंची जेमतेम पाच फूट चार इंच. ज्यांची मुलं १९९० च्या दशकात शाळेत होती, त्यांच्या घरी सोफ्यावरून कोलांट्या मारण्याचे प्रकार नक्की झाले असणार.

नसीमचे आईवडील येमेनचे. शेफील्डच्या पोलाद कारखान्यांत काम करायला येमेनी माणसं १९५० च्या दशकापासून येत होती. नसीमच्या वडिलांचं विनकोबँक भागात कोपऱ्यावरचं दुकान होतं. आपल्या गुजराती शेजाऱ्यांचं असतं तसंच, सकाळी पेपरच्या गठ्ठ्यांपासून रात्री दुधाच्या बाटल्यांपर्यंत. दुकानापासून जवळच चर्चच्या सभागृहात एक बॉक्सिंगची तालीम चालायची. ती चालवणारा ब्रेंडन इंगल हाही बाहेरूनच आलेला, डब्लिनचा आयरिश माणूस.

इंगल एक गोष्ट सांगत असे. तो बसमधून चालला होता. शाळेच्या आवारात एक चिमुकला सावळा मुलगा तीन मोठ्या मुलांना एकट्याने तोंड देत होता आणि त्यांच्या हाती लागत नव्हता. इंगलला वाटलं, हा कोण? गोष्टीची दुसरी आवृत्ती अशी की गोरी पोरं त्रास देतात म्हणून वडिलांनीच आपल्या मुलांना इंगलच्या ताब्यात दिलं. खरं काहीही असो, नसीम सात वर्षांचा असताना त्या तालमीत आला आणि पुढची सतरा वर्षं तिथेच घडला.

इंगलची पद्धत न्यारी होती. सभागृहाच्या फरशीवर त्याने रेघा आखल्या होत्या. पोरांनी त्या रेघांवरून पाय टाकत पुढे-मागे, डावी-उजवीकडे तासन् तास नाचायचं. सरावाच्या लढतीत डोक्यावर मारायचं नाही, फक्त अंगावर. त्यामुळे सात वर्षांचा पोर आणि व्यावसायिक बॉक्सर एकाच रिंगमध्ये सराव करू शकत. लहान मुलांना सगळ्यांसमोर उभं करून गाणं म्हणायला लावायचा, भीड चेपावी म्हणून. काळी, गोरी, आशियाई, घर मोडलेली, शाळेने नाकारलेली, सगळी पोरं तिथे. त्याच तालमीतून पुढे अनेक विजेते निघाले. आपल्याकडचा एखादा जुना वस्ताद आठवावा, तसा हा माणूस.

आणि मग पैसा आला. १९९७ च्या डिसेंबरात नसीम न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये केव्हिन केलीशी लढला. स्वतः तीनदा खाली पडूनही त्याने चौथ्या फेरीत केलीला लोळवलं. आता लाखोंचे करार होऊ लागले. मिळकतीत गुरूचा वाटा किती, यावरून कुरबूर सुरू झाली. त्यातून मानापमान. १९९८ च्या अखेरीस सतरा वर्षांचं नातं तुटलं. चूक कोणाची हे बाहेरच्याने ठरवू नये. घरातल्या भांडणात दोघांचीही बाजू असते, आणि इथे तर घर आणि धंदा एकत्र झाला होता.

पुढच्या काळात नसीमकडे नामांकित प्रशिक्षक होते, पण त्या रेघांवरचे पाय हळूहळू विसरले गेले असं जाणकार म्हणतात. ७ एप्रिल २००१ रोजी लास वेगासला मेक्सिकोच्या मार्को अंतोनिओ बरेराने त्याला बारा फेऱ्यांत शांतपणे, एखाद्या मास्तरासारखं हरवलं. त्यानंतर २००२ मध्ये एक लढत, आणि संपलं. ३७ लढती, ३६ विजय, एक हार, वय २८. पुढे बेदरकार गाडी चालवून एका माणसाला जबर जखमी केल्याबद्दल २००६ मध्ये तुरुंगवासही झाला. २०१५ मध्ये बॉक्सिंगच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं. मे २०१८ मध्ये इंगल वारला. जुना जिव्हाळा काही परत आला नव्हता. २०२५ मध्ये या दोघांवर 'जायंट' नावाचा चित्रपट निघाला. त्यात इंगलचं काम पियर्स ब्रॉस्ननने केलं आहे. चित्रपट बॉक्सिंगचा आहे, पण नीट पाहिलं तर तो गुरुशिष्यांचाच आहे.

काट्याची भीती

वजनगटाने लहान माणसाला न्याय दिला हे खरं. पण प्रत्येक नियमाला पळवाट असते, तशी यालाही आहे. ज्याचं खरं वजन ६३ किलो, तो म्हणतो, मी ५७ च्या गटात उतरलो तर मला लहान माणसं मिळतील. मग लढतीच्या आधीच्या दिवसांत जेवण बंद, पाणी तोडायचं, जाड कपडे घालून पळायचं, गरम खोलीत घाम गाळायचा. काट्यावर उभं राहून वजन दिलं की भराभर खायचं-प्यायचं. पूर्वी वजन लढतीच्याच दिवशी व्हायचं. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये ते आदल्या दिवशी होऊ लागलं, आणि मधल्या तासांत माणूस कितीतरी किलो परत कमावू लागला. पाणी आटवलेल्या शरीराने ठोसे खाणं किती धोक्याचं, हे डॉक्टरांनी सांगायला नको.

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये हा काटा भारताच्या घराघरांत पोचला. ५० किलो गटात अंतिम फेरी गाठलेली विनेश फोगट दुसऱ्या दिवशी सकाळी १०० ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली. १०० ग्रॅम म्हणजे आपल्याकडच्या बिस्किटाचा एक पुडा. त्यानंतर दोनच दिवसांनी ५७ किलो गटात अमन सेहरावतने कांस्यपदक मिळवलं. त्याआधीच्या रात्री त्याचं वजन साडेचार किलोंहून जास्त वाढलेलं होतं, आणि त्याला व त्याच्या प्रशिक्षकांना रात्रभर जागून, घाम गाळून ते उतरवावं लागलं. एकीला काट्याने पाडलं, दुसरा काट्यावरून कसाबसा निभावला.

कोल्हापूरचे दोघे

आता ते मघाचे दोन आकडे, ५७ आणि ६२.

आपल्या मातीतल्या कुस्तीत वजनकाट्याला तसा मान नव्हता. जत्रेच्या मैदानात वस्ताद मंडळी नजरेनेच जोड लावायची. शेवटची मानाची कुस्ती व्हायची ती मोठ्या पैलवानांची. पाच फूट पाच-सहा इंचाच्या पोराला तिथे नारळ आणि शाबासकी मिळायची, गदा नाही. अशा काळात कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकत होते. १९४८ चं ऑलिम्पिक आपल्या लंडनलाच झालं. कुस्त्या अर्ल्स कोर्टच्या एम्प्रेस हॉलमध्ये होत्या. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च दिला, खाशाबा आले, मॅटवर पहिल्यांदाच खेळले आणि फ्लायवेटमध्ये सहावे आले.

१९५२ मध्ये हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबा ५७ किलो गटात उतरले आणि कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. हे आपण सगळे जाणतो. पण एक गंमत लक्षात आली का? ५७ किलो म्हणजे १२५ पौंड आणि वर थोडं. म्हणजे खाशाबा बॉक्सर असते तर नऊ स्टोनच्या आतले, अस्सल फेदरवेट!

आणि ६२ किलो? त्याच हेलसिंकीत कुस्तीच्या फेदरवेट गटात उतरले होते कोल्हापूरचेच के. डी. माणगावे. सुवर्ण तुर्कस्तानच्या बायराम शितला, रौप्य इराणच्या नासेर गिवेचीला, कांस्य अमेरिकेच्या जोसाया हेन्सनला. आणि चौथे माणगावे. पदकाच्या अगदी उंबरठ्यावर. जगात चौथा येणं ही काय साधी गोष्ट आहे? पण खाशाबांचं नाव निदान पुस्तकांत आलं, माणगाव्यांचं नाव आपल्यातल्या किती जणांनी ऐकलं आहे? एकाच ऑलिम्पिकमध्ये, एकाच गावच्या तालमींतून गेलेले दोन बारीक चणीचे पैलवान जगातल्या पहिल्या चारांत आले, हे आपल्या मुलांना सांगायला हवं.

हेलसिंकीहून परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर खाशाबांनी काय केलं? कुस्त्यांची मैदानं भरवली, स्वतः लढले, आणि त्या पैशातून खर्डेकर सरांचं कर्ज फेडून घर सोडवून दिलं. नसीम-इंगलची गोष्ट वाचताना मला राहून राहून हे आठवतं. नसीमला नावं ठेवायची म्हणून नव्हे. लाखो पौंडांचे हिशेब सात हजार रुपयांच्या हिशेबापेक्षा अवघडच असतात. पण दोन्ही ठिकाणी मुलाला ओळखणारा कोणी एक मोठा माणूस होता, एवढं खरं. वजनगटाने दार उघडलं, पण दारापर्यंत हात धरून कोणीतरी आणलं होतं.

लिव्हरपूलची बातमी

शेवटची गोष्ट ताजी आहे. महिलांचं बॉक्सिंग ऑलिम्पिकमध्ये आलं ते २०१२ मध्ये, लंडनलाच. मेरी कोमने ५१ किलोत कांस्यपदक मिळवलं ते एक्सेल सेंटरमध्ये. त्या वेळी महिलांना तीनच गट होते. मधल्या वजनाच्या मुलींनी एकतर उपाशी राहायचं नाहीतर आपल्यापेक्षा मोठीशी लढायचं. टोकियोपासून महिलांना ५७ किलोचा गट मिळाला. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या लिव्हरपूलला झालेल्या जागतिक स्पर्धेत त्याच गटात हरियाणातल्या भिवानीची जास्मिन लांबोरिया जगज्जेती झाली. अंतिम फेरीत तिने पोलंडच्या युलिया शेरेमेताला हरवलं. ही शेरेमेता पॅरिस ऑलिम्पिकची रौप्यविजेती. १९०९ मध्ये लंडनच्या ज्या क्लबने नऊ स्टोनची रेघ आखली, तो फक्त पुरुषांचा होता. त्या रेघेवर एक भारतीय मुलगी इंग्लंडात येऊन उभी राहील हे त्या मिशाळ मंडळींच्या स्वप्नातही आलं नसेल.

हे वाचून सगळ्यांनी मुलांना बॉक्सिंगला घालावं, असं माझं म्हणणं नाही. डोक्याला बसणारा मार हा डोक्याला बसणारा मारच. मुलगा किंवा मुलगी हट्टच करत असेल तर क्लबमध्ये स्वतः जाऊन बसा, डोक्यावर मारण्याबद्दल त्यांचा नियम काय ते विचारा, आणि वाढत्या वयात वजन उतरवण्यासाठी उपाशी ठेवणारा प्रशिक्षक असेल तर तिथून सरळ बाहेर पडा. ज्युदो असो, कुस्ती असो, कराटे असो, पोराने घरी येऊन पोटभर वरण-भात-तूप खाल्लं पाहिजे. गट बदलला तर बदलला.

पण एक मात्र सांगावंसं वाटतं. इथल्या शाळांत आपली मुलं बऱ्याचदा वर्गात सगळ्यात लहान चणीची असतात. रग्बीच्या संघात घेत नाहीत, रांगेत पुढे उभं करतात, कोणी टपल्या मारतं. मुलगा घरी येऊन सांगत नाही, आपल्याला कळत नाही. अशा मुलाला "खा म्हणजे मोठा होशील" एवढंच सांगून भागणार नाही. तो आज आहे तेवढ्याच अंगाने ज्यात पुढे येईल असं काहीतरी जगात आहे, ते त्याला शोधून द्यायला हवं. ते रिंगमध्येच असेल असं नाही, बुद्धिबळाच्या पटावर असेल, तबल्यावर असेल, पोहण्याच्या तलावात असेल. शनिवारी सकाळी थंडीत क्लबचं दार उघडणारा एखादा म्हातारा इंग्लिश किंवा आयरिश गृहस्थ तुमच्या मुलाला नावाने हाक मारत असेल, तर त्याला एकदा घरी जेवायला बोलवा. फी भरली म्हणजे हिशेब मिटला, असं खाशाबांनी कधी मानलं नव्हतं.